कोणाचा मजकूर, कोणाची दुरुस्ती

चि. सायलीस,


तुझा निरोप वाचला. सरांनी तुझ्या मसुद्यातला 'इमेंड' शब्द खोडून तिथे 'अमेंड' लिहिलं, कारण सांगितलं नाही, आणि मैत्रिणींनी 'दोन्ही एकच गं' म्हणून विषय संपवला. दोन्ही एकच नाहीत. सरांनी केलं ते बरोबर आहे, आणि त्यामागचं कारण तुला वकिलीत जन्मभर उपयोगी पडेल, म्हणून फोनवर न उरकता हे पत्र लिहिते आहे. माझं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं. या दोन शब्दांमधल्या फरकावरच माझ्या कामाची सगळी नीती उभी होती, तेव्हा पत्र लांबलं तर राग मानू नकोस.

आधी थोडक्यात सांगते. कायदा, करार, ठराव, दावा यांत ज्याला अधिकार आहे त्याने समजून-उमजून केलेला बदल म्हणजे अमेंड. त्यात नवं घालता येतं, जुनं काढता येतं, आहे त्याचं वेगळं करता येतं. इमेंड मात्र फक्त लिखित मजकुराच्या बाबतीत वापरतात. मूळ लिहिणाऱ्याने एक लिहिलं, नकला होता होता ते बिघडलं. तो बिघाड ओळखून मूळचा शब्द जागेवर बसवायचा, एवढंच इमेंड करणाऱ्याचं काम. त्याला स्वतःचं काही म्हणायचं नसतं.

दोन्हींचं कूळ एक. लॅटिनमध्ये 'मेंडुम' किंवा 'मेंडा' म्हणजे व्यंग, डाग, लिहिताना झालेली चूक. त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'एमेंडारे' हे क्रियापद झालं, म्हणजे दोष काढून टाकणे. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आला. पहिली वाट फ्रेंचांची. 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजे आले, दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच झाली, आणि त्या फ्रेंचमध्ये आरंभीच्या 'ए'चा 'अ' होऊन बसलेला होता. तेराव्या शतकात 'अमेंड' इंग्रजीत आलं ते असं. सामान्य लोकांनी त्याचंही पहिलं अक्षर गाळलं आणि 'मेंड' उरलं. फाटका कोट, मोडकं कुंपण, तुटलेलं भांडं सांधायचं ते मेंड. दुसरी वाट पंडितांची. पंधराव्या शतकात लॅटिन पोथ्या वाचणाऱ्यांनी तोच शब्द थेट लॅटिनमधून पुन्हा उचलला आणि त्याचा 'ए' तसाच ठेवला. ते 'इमेंड'. त्यामुळे कोर्टाकडे अमेंड गेलं, घराकडे मेंड आणि अभ्यासिकेकडे इमेंड. केलेल्या नुकसानीची भरपाई करण्याला इंग्रजीत जे 'अमेंड्स' म्हणतात तेही याच घरातलं, आणि फ्रान्समध्ये आजही दंडाला 'आमांद' म्हणतात. कायद्याच्या विद्यार्थिनीला हे आवडेल असं वाटलं.

याची एक फांदी आपल्याकडेही आहे. संस्कृतात 'मिंदा' असा एक वैदिक शब्द आहे. अर्थ शरीरातलं व्यंग, उणीव. भाषाशास्त्रज्ञ त्याला लॅटिन 'मेंडा'चा सख्खा भाऊ मानतात. तैत्तिरीय संहितेत तो येतो, आणि होमाच्या शेवटी राहिलेल्या उणिवांसाठी ज्या आहुती देतात त्यांना 'मिंदाहुती' असं नावच पडलं आहे. त्या मंत्राचा आशय असा, की माझ्यात जी उणीव निर्माण झाली होती ती अग्नीने भरून काढली, गेलेलं पुन्हा आणून दिलं. 'पुन्हा आणून दिलं' हे लक्षात ठेव. अग्नीने नवं काही दिलं असं तिथे म्हटलेलं नाही.

आता रोमकडे जाऊ, कारण हा शब्द माणसांच्या हातात कसा वावरला हे तिथे दिसतं. लिव्ही या इतिहासकाराचा रोमचा इतिहास हाताने नकलला जात असे. इसवी सन 400 च्या आसपास निकोमाकस फ्लाव्हियानस नावाचा सरदार, रोमचं नगरप्रमुखपद भूषवलेला मोठा माणूस, सिसिली बेटावरच्या एन्ना या गावी बसून लिव्हीची एक प्रत स्वतः तपासत होता. खंड संपला की शेवटी तो आपलं नाव आणि पद लिहून 'एमेंडावी' असं लिहायचा. मी दुरुस्त केलं. त्याच्या हातची प्रत आज नाही. पण पुढे शेकडो वर्षं नक्कल करणाऱ्यांनी मजकुराबरोबर त्याची ती सहीसुद्धा नकलली, म्हणून आपल्याला तो माणूस आणि ते गाव ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला प्रूफ तपासणं कमीपणाचं वाटलं नाही, आणि आपण केलेल्या कामाखाली नाव घालण्याची जबाबदारी त्याने टाळली नाही, या दोन्ही गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. छापखान्यात आमची नावं कुठेच छापली जात नसत. तरी प्रत्येक प्रुफावर कोपऱ्यात आद्याक्षरं टाकायची पद्धत होती, पुढे काही निघालं तर कोणी तपासलं ते कळावं म्हणून.

त्यानंतरचा एक प्रसंग सांगते आणि पुढे जाते. 789 साली शार्लमेन राजाने आपल्या राज्यातल्या धर्मगुरूंना एक लांबलचक आज्ञापत्र धाडलं. त्यात पुस्तकं नीट दुरुस्त करून ठेवा असा हुकूम आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे. लोकांना देवाची प्रार्थना चांगली करायची असते, पण दुरुस्त न केलेल्या पुस्तकांमुळे ती वाईट होते, असं राजा म्हणतो. मुलांनी वाचताना किंवा लिहिताना पुस्तकं बिघडवू नयेत, आणि शुभवर्तमानाची नक्कल करायची तर ती प्रौढ माणसांनीच पूर्ण लक्ष देऊन करावी, असंही त्यात आहे. वेदपाठाच्या बाबतीत आपल्याकडे उच्चाराचा जेवढा धाक होता तेवढा त्यांच्याकडे अक्षराचा होता.

खरी गंमत, आणि खरा धोका, पुढे इंग्लंडमध्ये दिसतो. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ' नाटकात फॉल्स्टाफ मरतो. तो रंगमंचावर मरत नाही. खाणावळीची बाई त्याचा शेवट कसा झाला ते सांगते. 1623 च्या छापील आवृत्तीत तिच्या बोलण्यात मध्येच 'हिरव्या शेतांचं टेबल' असं काहीतरी येतं. त्याचा अर्थच लागत नाही. अलेक्झांडर पोप हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला कवी. त्याने 1725 च्या आपल्या आवृत्तीत ते शब्द काढून टाकले आणि टीप दिली, की नाटक कंपनीत सामान ठेवणारा ग्रीनफिल्ड नावाचा माणूस असणार, त्याने टेबल आणावं ही रंगसूचना चुकून संवादात शिरली आहे. लुइस थिओबाल्डने पुढच्याच वर्षी ते खोडून काढलं. तो पोपच्या मानाने अगदी सामान्य माणूस होता, पण जुन्या छापील प्रती त्याने बारकाईने वाचल्या होत्या. त्या काळच्या हस्ताक्षरात 'बॅबल्ड' हा शब्द आखूड स्पेलिंगने लिहिला तर 'टेबल'सारखा दिसतो. बॅबल म्हणजे बरळणं, पुटपुटणं. आणि त्याआधीचं एकाक्षरी 'अ' हे गावठी बोलीत 'तो' या अर्थी चालतं, त्यामुळे त्याला हातही लावावा लागत नाही. एक शब्द बदलला आणि वाक्य झालं: मरताना तो हिरव्या शेतांविषयी काहीतरी पुटपुटत होता. पापात आयुष्य घालवलेला म्हातारा, शेवटच्या घटकेला लहानपणची शेतं बघतोय. आज जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत हाच पाठ छापला जातो.

थिओबाल्डचं मोठेपण कशात होतं ते नीट बघ. सगळं त्यालाच सुचलं असंही नाही. कुणा दिवंगत गृहस्थाने आपल्या प्रतीच्या समासात 'टेबल'च्या जागी 'बोलला' या अर्थाचा शब्द सुचवून ठेवला होता, ते त्याच्या पाहण्यात आलं होतं, आणि ते त्याने स्वतःच सांगितलं आहे. त्याने फक्त विचारलं, की जुळाऱ्यासमोरच्या कागदावर असा कोणता शब्द असेल, जो वाचताना 'टेबल' वाटावा? चूक कशी झाली हे सांगता आलं, म्हणून दुरुस्तीला पाया मिळाला. पोपने हा विचार केला नाही. त्याला न पटलेलं त्याने गाळलं. पुढे पोपने थिओबाल्डची 'डन्सिअड' या दीर्घ काव्यात मुख्य मूर्ख म्हणून जन्माची टवाळी केली, आणि कितीतरी वर्षं लोकांनी थिओबाल्डला त्या टवाळीवरूनच ओळखलं. मला हा अन्याय आजही सहन होत नाही.

दुसरं उदाहरण रिचर्ड बेंटलीचं, आणि ते जास्त दुःखद आहे, कारण बेंटली अडाणी नव्हता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा तो प्रमुख. होमरच्या ग्रीकमधून लोप पावलेला एक उच्चार त्याने केवळ वृत्ताच्या हिशेबावरून ओळखला, एवढी बुद्धी. या माणसाने म्हातारपणी, 1732 मध्ये, मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'ची आवृत्ती काढली. मिल्टन आंधळा होता, तो सांगायचा आणि दुसरे लिहून घ्यायचे, हे खरंच होतं. त्यावर बेंटलीने एक काल्पनिक माणूस उभा केला. कुणीतरी मित्राने हस्तलिखितात आपले शब्द आणि ओळी घुसडल्या, असं त्याचं म्हणणं. मग जे जे बेंटलीला खटकलं ते ते त्या मित्राच्या नावावर. शेकडो ठिकाणी त्याने बदल सुचवले. मिल्टनने नरकातल्या काळोखाला 'दिसणारा' म्हटलंय. काळोख दिसेल कसा, म्हणून बेंटलीने तिथे 'आरपार दिसू देणारी अंधुकता' असं काहीतरी सुचवलं. तर्क मिळाला आणि कविता गेली. सुदैवाने त्याने आपले बदल समासात आणि तळटीपांत ठेवले, मिल्टनचा मजकूर तसाच राहू दिला. तेवढी शिस्त त्याच्या हाडांत मुरलेली होती.

सायली, इथे थांबून विचार कर. थिओबाल्ड आणि बेंटली दोघांनीही 'मी इमेंड करतो' असंच म्हटलं. एकाने शेक्सपिअरचा शब्द शेक्सपिअरला परत दिला, दुसरा मिल्टनच्या जागी जाऊन बसला. बाहेरून दोन्ही कामं सारखी दिसतात: जुना शब्द खोडायचा, नवा लिहायचा. म्हणून मी प्रुफावर बसणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी एकच सांगायची, की लेखकाचं वाक्य तुला आवडलं नाही तर ते तुझ्या कामाचा भाग नाही. हस्तलिखित काढ, शेजारी ठेव, आणि तिथे काय आहे ते बघ. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह. खोडायचं नाही.

आता आपल्याकडची दोन माणसं, ज्यांच्यापुढे मी हात जोडते.

पहिले नाथमहाराज. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली झाली. सुमारे तीनशे वर्षं ती नकलांमधून फिरली, आणि प्रत्येक नकलकाराने आपापल्या बोलीप्रमाणे, आपापल्या समजुतीप्रमाणे तिच्यात काही ना काही केलं. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणला एकनाथांनी तिचं शोधन केलं. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी जोडलेल्या ओव्यांत त्यांची भूमिका स्पष्ट आहे. मूळ ग्रंथ अतिशय शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, ते शोधून प्रत शुद्ध केली, असं ते म्हणतात. म्हणजे दोष ज्ञानेश्वरांचा नाही, नकलांचा आहे. मग त्यांनी बजावून ठेवलं आहे, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. हे सांगणारा माणूस कोण? ज्याने भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्यांची टीका लिहिली, भावार्थ रामायण रचलं, ज्याला ओवी सहज सुचायची असा. सुचत नाही त्याने संयम पाळणं सोपं. नाथांनी सुचत असताना पाळला.

एकच खंत वाटते. नाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कुठे कोणता शब्द होता आणि त्याजागी कोणता घेतला, याची नोंद त्यांनी ठेवली नाही. त्या काळी तशी रीतच नव्हती. म्हणून पुढे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून दुसरी एक प्रत मिळवून 1909 मध्ये छापली, आणि मूळ पाठ कोणता हा वाद अभ्यासकांत अजून चालतो.

ही नोंद कशी ठेवायची ते दुसऱ्या माणसाने दाखवलं. विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला लूडर्स यांच्याकडे संस्कृत. 1925 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे ते प्रमुख संपादक झाले, आणि 1943 मध्ये वारले तोवर त्या कामातच होते. काम पुरं व्हायला 1966 उजाडलं. एकूण 1259 हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली: काश्मीरची शारदा लिपी, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. आदिपर्वाचा खंड 1933 मध्ये पुरा झाला. त्याची प्रस्तावना कधीतरी वाच. जन्मठेपेचा खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने पुरावा तोलावा तशी ती लिहिली आहे.

त्या आवृत्तीतलं एखादं पान कसं असतं ते सांगते. वर श्लोक, खाली एक रेघ, रेघेखाली बारीक अक्षरात सगळे पाठभेद, कोणत्या प्रतीत काय आहे ते खुणेसह. एखाद्या शब्दाची खात्री पुरेशी नसली की त्याखाली नागमोडी रेघ. आणि कोणत्याच प्रतीत न मिळणारा, संपादकाने स्वतः अनुमानाने बसवलेला शब्द असला, तर त्यावर चांदणी. म्हणजे इमेंड केलेला प्रत्येक शब्द वाचणाऱ्याला उघड दिसतो. अशा चांदण्या सुकथनकरांनी अगदी मोजक्या ठेवल्या. आधी आहे त्या शब्दाचा अर्थ लावून बघायचा, तो लागतच नसेल तरच अनुमानाला हात घालायचा, हा त्यांचा नेम. जिथे त्यांनी बदललं तिथेही, नंतरच्या लेखनिकांनी व्याकरण साफ करण्याच्या भरात जुना ओबडधोबड प्रयोग घासून टाकला असणार, असं कारण देऊन बहुतेकदा तो जुना प्रयोगच परत आणला. पुढे काही वर्षांनी नेपाळातून आदिपर्वाची एक फार जुनी प्रत हाती आली, आणि त्यांनी अनुमानाने बसवलेले काही शब्द त्या प्रतीत सापडले. माणूस नुसता विचार करून बरोबर त्याच अक्षरावर पोचला होता. हे वाचलं तेव्हा मी आनंदाने उठून उभी राहिले होते.

त्या संपादनात आपल्या ओळखीच्या काही गोष्टी मुख्य मजकुरातून बाहेर गेल्या. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहावं ही कथा आता परिशिष्टात आहे. स्वयंवरात द्रौपदी 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणते तेही मुख्य संहितेत नाही, कारण पुरेशा प्रतींचा त्याला आधार नाही. पुष्कळांना याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण बघ, त्यांनी यातलं काहीच फेकून दिलं नाही. जे काढलं ते त्याच ग्रंथात, कोणत्या प्रतीत कुठे आहे या पत्त्यासह छापलं. उद्या कुणाला वाटलं की संपादक चुकले, तर सगळा पुरावा त्याच ग्रंथात आहे.

आता तुझ्या क्षेत्रात येते. अमेंड करणं हा वेगळा अधिकार आहे आणि तोही पवित्रच आहे. आपली घटना आपण लोकांनी स्वतःला दिलेली, म्हणून ती बदलायचा अधिकार आपल्या प्रतिनिधींना आहे. 1951 मध्येच पहिली दुरुस्ती झाली. कलम 368 मध्ये संसद भर घालून, बदल करून किंवा रद्द करून घटना अमेंड करू शकते, असं आता स्पष्ट लिहिलेलं आहे. यातलं एकही काम सुकथनकर करू धजले नसते, आणि ते बरोबरच होतं, कारण महाभारत त्यांचं नव्हतं. पण अमेंड करणाऱ्यालाही मर्यादा आहे. केशवानंद भारती खटल्याचा निकाल 24 एप्रिल 1973 ला लागला, तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा, हे तू शिकलीच असशील. न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालाचा कणा 'अमेंडमेंट' या एका शब्दाच्या अर्थात आहे. दुरुस्ती म्हटलं की बदलानंतरही जुनी घटना आपली ओळख न गमावता उरली पाहिजे, हे त्यांनी त्या शब्दातूनच काढलं. दोष काढायचा तर ज्याचा दोष काढला ते शिल्लक हवं. तो लॅटिन 'मेंडा' दिल्लीच्या कोर्टात असा उपयोगी पडला.

जाता जाता, हिंदीत याला 'संविधान संशोधन' म्हणतात. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च. हिंदी निकाल किंवा बातम्या वाचताना तेवढं भान ठेव.

तुमच्या रोजच्या कामातही हे दोन रस्ते वेगळे आखलेले आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 6 चा नियम 17 हा दाव्यातला किंवा कैफियतीतला मजकूर अमेंड करण्याचा. तिथे कोर्टाची परवानगी लागते, आणि सुनावणी सुरू झाल्यावर तर आधी का केलं नाही याचं समाधानकारक उत्तर द्यावं लागतं. त्याच संहितेचं कलम 152 वेगळं आहे. निकालात किंवा हुकूमनाम्यात लिहिताना, आकडेमोड करताना हातून निसटलेली चूक कोर्ट केव्हाही, स्वतःहून सुद्धा, सुधारू शकतं. मुदतीचं बंधन नाही, कारण नवं काही ठरवायचंच नाही. जे ठरलं होतं तेच कागदावर आणायचं आहे. कलमात इमेंड हा शब्द नसला तरी काम तेच. म्हणूनच 152 च्या आडून निकालच बदलून घ्यायला आलेल्या पक्षकाराला कोर्ट परत पाठवतं.

जमिनीच्या कागदांत तर डोळ्यांत तेल घालून बघ. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 155 लेखनातल्या चुका सुधारण्यासाठी आहे. सातबारावर 'गणपत'चं 'गणपती' झालं, क्षेत्राचा दशांश सरकला, तर ते त्यात बसतं. मालकाचं नावच दुसरं येणार असेल, वारस गळणार असेल, भोगवटादाराचा वर्ग बदलणार असेल, तर ती लेखनातली चूक नव्हे, कुणीही कितीही गोड शब्दांत अर्ज लिहिला तरी. एखाद्या विधवेचं नाव 'दुरुस्ती' म्हणून सातबारावरून उतरलं तर तिला ते पुन्हा चढवायला आयुष्य पुरत नाही. बेंटलीच्या हातून फक्त काही ओळी बिघडल्या असत्या. इथे माणसांची घरं जातात. तुझ्याकडे असा अर्ज टायपिंगला आला तर सरांना विचारायला घाबरू नकोस.

आणि तू निरोपाच्या शेवटी लिहिलेल्या त्या प्रकरणाचं. शेताचा गट क्रमांक हुकूमनाम्यात चुकलाय, आणि पक्षकाराला घाई आहे. आधी दाव्याची मूळ प्रत काढ आणि त्यातला क्रमांक बघ. दाव्यात बरोबर आणि हुकूमनाम्यातच चुकला असेल तर 152 खाली साधा अर्ज पुरेल. दाव्यातच चुकीचा लिहिला गेला असेल, तर चूक निसटलेली की पहिल्यापासून तसंच म्हणायचं होतं, हे मोजणीचा नकाशा, सातबारा आणि चतुःसीमा यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस. सगळे कागद एका टेबलावर मांड, कोणत्या कागदात कोणता क्रमांक आहे त्याचा तक्ता कर, आणि तो तक्ता अर्जाला जोड. काय निघालं ते मला कळव.

दिवाळीत आलीस की आपण दोघी भांडारकरमध्ये जाऊ आणि तुला आदिपर्वाचा खंड दाखवीन. वहिनीला आणि दादाला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या